फूटरेस्ट एकटा हलत नाही: मोटरसायकलवर पायांची जागा कशी मोजावी आणि कशी बदलावी

बेळगावहून निपाणीला हायवेने जाऊन आलं आणि गुडघ्याच्या वाटीखाली ठणकायला लागलं, की शिव्या आधी सीटला बसतात, मग शॉकअपला. पायाखालच्या वीतभरही नसलेल्या दांड्याकडे सहसा कुणी बघत नाही. तीच गाडी पावसात जांबोटीवरून चोर्ला घाटाच्या वळणांवर नेली की तक्रार बदलते. बूट सटकतो, ब्रेक शोधायला पाय उचलावा लागतो, नाहीतर उजव्या वळणात बुटाचं टोक डांबराला घासतं. या सगळ्याचा संबंध पाय कुठे टेकतात याच्याशी आहे.

यातली अडचण अशी की फूटरेस्ट एकटा हलवता येत नाही. तो बोटभर खाली घेतला तर ब्रेकचं पॅडल आपोआप उंच होतं, गिअरचा लिव्हर बुटाला लागेनासा होतो, वळणात गाडी आधी घासते आणि साइड स्टँड मध्ये येतो तो वेगळाच. म्हणून कामाचा क्रम महत्त्वाचा. आधी वाकलेलं-झिजलेलं सरळ करायचं, मग गिअर आणि ब्रेक जुळवायचे, मग सीट बघायची, आणि एवढं करूनही भागलं नाही तरच फूटरेस्टची जागा बदलायची. बाजारात फूटरेस्ट सरकवायच्या पट्ट्या आणि सेट विकणारा हा क्रम नेमका उलटा सांगतो. बऱ्याच गाड्यांचं काम तिसऱ्या पायरीच्या आतच संपतं.

कुठे दुखतंय ते आधी बघा

गुडघ्याच्या पुढच्या बाजूला, वाटीखाली दुखत असेल तर गुडघा फार दुमडलेला राहतोय. म्हणजे तुमच्या पायांच्या मानाने फूटरेस्ट उंच आहे किंवा सीटचा फोम दबून बसलेला आहे. माकडहाड आणि कंबर धरत असेल तर फूटरेस्ट फार पुढे आहेत. सगळं वजन बुडावर येतं, आणि खड्डा आला तरी पायांवर जोर देऊन अंग उचलता येत नाही, दणका थेट मणक्याला बसतो. मनगटं आणि तळहात भरून येत असतील तर उलट प्रकार: फूटरेस्ट मागे आहेत किंवा हँडल खाली आहे, त्यामुळे अंग पुढे कलून हातांवर टेकतंय.

उजवी नडगी भरून येणं हे मात्र फूटरेस्टचं दुखणं नव्हे. ब्रेक पॅडल उंच असलं की त्याला धक्का लागू नये म्हणून माणूस नकळत पाऊल वर धरून बसतो, आणि तासाभरात नडगीचा स्नायू आखडतो. तसंच डाव्या घोट्याचं आणि गिअर लिव्हरचं. फक्त एकाच बाजूचा गुडघा किंवा कमरेची एकच बाजू दुखत असेल तर गाडी कधी पडली होती ते आठवा. बहुतेकदा त्या बाजूचा दांडा वाकलेला सापडतो.

आता एक साधी परीक्षा. गाडी सपाट जागी उभी करा, पुढचं चाक कुणाला तरी दोन्ही गुडघ्यांत धरायला सांगा. नेहमीसारखे बसा, पाय फूटरेस्टवर ठेवा, हात हँडलवर नुसते टेकवा. हँडल न ओढता बूड चार बोटं वर उचला. सहज उचललं गेलं तर फूटरेस्ट तुमच्या तोलाच्या खाली आहेत. हँडलला लटकावं लागलं तर ते पुढे आहेत. उचलताना अंग पुढे कोसळल्यासारखं झालं तर मागे आहेत. मोजपट्टी न लावता अर्ध्या मिनिटात इतकं कळतं. क्रूझर गाडी या परीक्षेत नापास होणारच, तिची रचनाच तशी असते. पण अशी गाडी घेऊन रोज खानापूरच्या आतल्या खड्ड्यांतून जायचं असेल तर हे आधीच माहीत असलेलं बरं.

मापं घेणं

लागेल काय, तर मोजपट्टी, खडू आणि गवंड्याचा ओळंबा. गाडी मेन स्टँडवर लावून मापं घेऊ नका, कारण स्टँडवर एक चाक हवेत राहतं आणि सीटचा ढाळ बदलतो. दोन्ही चाकं जमिनीवर, गाडी सरळ, टायरमध्ये नेहमीची हवा, आणि सीटवर तुम्ही स्वतः. दुसऱ्याने मोजायचं.

सीटवर तुम्ही जिथे बसता त्या खोलगट जागेच्या बाजूने ओळंबा सोडा आणि जमिनीवर खडूची खूण करा. दुसरी खूण फूटरेस्टच्या मध्यातून सोडा. दोन खुणांमधलं अंतर म्हणजे फूटरेस्ट सीटच्या किती पुढे किंवा मागे आहे ते. मग सीट आणि फूटरेस्टचा माथा यांतलं उभं अंतर, आणि फूटरेस्टपासून हँडलच्या ग्रिपपर्यंतचं तिरकं अंतर. डावं-उजवं दोन्हीकडे मोजा. ५ मिमीपेक्षा जास्त फरक आला तर पुढे काही करण्याआधी तो काढायचा. आकडे सीटखाली चिकटपट्टीवर लिहून ठेवा. नंतर कामाला येतात, वहीत लिहिलेले सापडत नाहीत.

गुडघ्याचा कोन मोबाइलवर काढलेल्या फोटोतून मिळतो. फोटो गाडीला काटकोनात, सीटच्या उंचीवरून, चार-पाच मीटर लांबून काढा. खुब्याचं हाड, गुडघ्याची बाजू आणि घोटा हे तीन बिंदू जोडून कंपासपेटीतला कोनमापक लावा. ढोबळ हिशेब असा: ९० अंश किंवा त्याहून उघडा असेल तर लांबचा पल्ला सुसह्य, ८०च्या आसपास असेल तर गावातल्या गावात ठीक, ७५च्या खाली गेला तर तासाभरात गुडघा बोलायला लागतो.

कागदावरची सीटची उंची एकटी काही सांगत नाही. स्प्लेंडरची ७८५ मिमी, क्लासिक ३५०ची ८०५, मिटिओर ३५०ची ७६५. यांत मिटिओर सगळ्यात बुटकी, तरी तिच्यावर गुडघा सगळ्यात मोकळा राहतो, कारण तिचे फूटरेस्ट पुढे आहेत. आणि ७८५ हा नव्या सीटचा आकडा. आठ-दहा वर्षं चाललेल्या सीटचा फोम सहज बोटभर बसलेला असतो.

आधी आहे ते नीट करा

साध्या कम्यूटर गाड्यांना इंजिनखालून आडवा जाणारा एकच लोखंडी बार असतो आणि त्याच्या दोन टोकांवर रबर. गाडी उभ्या उभ्या पडली तरी हा बार मागे आणि वर वाकतो. पुढून बघितलं तर दोन्ही टोकं एका रेषेत दिसली पाहिजेत. वाकलेला बार गाडीवरच पाइप घालून सरळ करण्याची पद्धत सर्रास आहे, आणि ती चुकीची आहे. जोर इंजिनच्या केसिंगमधल्या बोल्टच्या आट्यांवर येतो आणि ॲल्युमिनियमच्या आट्या सुटतात. बार काढून प्रेसवर सरळ करा. एकदा सरळ केलेला दुसऱ्यांदा वाकला तर बदला, कारण त्याच जागी तडा जातो.

घडी होणाऱ्या फूटरेस्टमध्ये पिन आणि तिचं भोक झिजतं. टोक हाताने वरखाली हलवा. ३–४ मिमी खेळ असेल तर फूटरेस्ट बाहेरच्या बाजूला उतरता होतो आणि पावसात पाऊल त्यावरून घसरत जातं. टोक सपाट किंवा किंचित वर हवं, खाली नको. पिन आणि कॉटर पिन नवी टाका, ग्रीस लावा. खेळ तरीही राहिला तर फूटरेस्ट काढून त्याच्या टेकणीच्या तोंडावर वेल्डिंगचा थर चढवून कानशीने घासून घेता येतो. वेल्डिंग गाडीवर बसवलेल्या अवस्थेत करू देऊ नका. बॅटरीची वायर सोडलेली नसेल तर वायरिंगला आणि ईसीयूला (इंजिन सांभाळणाऱ्या इलेक्ट्रॉनिक डब्याला) धोका असतो. फूटरेस्ट उघडझाप होऊ नये म्हणून पक्का वेल्ड करून टाकणं तर अजिबात नको. वळणात टेकलेला फूटरेस्ट दुमडला तर नुसता खरखरतो, दुमडला नाही तर तो जमिनीत रुतून मागचं चाक उचलून टाकू शकतो.

पाय बधिर होत असतील तर इंजिनला दोष देण्याआधी बोल्ट तपासा. ढिला बोल्ट सिंगल सिलिंडरची थरथर दुप्पट जाणवून देतो. एम८ (८ मिमी जाडीच्या) बोल्टला साधारण २०–२५ न्यूटन-मीटर, एम१०ला ४०–४५ धरा, आणि गाडीच्या पुस्तकात आकडा असेल तर तोच खरा. रबराच्या रेघा पुसल्या असतील तर रबर बदला. बुटाचा पंजा घट्ट असला तरीही बोटं बधिर होतात, तेही बघून घ्या.

गिअरचा लिव्हर

बसल्या जागी, पाऊल सपाट, बुटाचा चवडा लिव्हरखाली घोटा न उचलता गेला पाहिजे आणि फक्त घोटा फिरवून गिअर पडला पाहिजे. लिव्हर फार खाली असला तर पहिल्यातून दुसऱ्यात जाताना पूर्ण धक्का बसत नाही आणि गाडी मध्येच न्यूट्रल होते. चढावर ऊसाच्या ट्रॉलीला ओव्हरटेक करताना हे झालं की काय होतं ते सांगायला नको. ज्या गाड्यांचे सगळे गिअर खाली दाबून पडतात त्यांत उलट काळजी: लिव्हर दाबल्यावर खाली पुरेशी जागा उरली पाहिजे, नाहीतर चवडा फूटरेस्टवर टेकून धक्का अर्धवट राहतो.

टाच-चवडा लिव्हर गिअरबॉक्समधून बाहेर येणाऱ्या शाफ्टवर थेट बसतो. शाफ्टवर दाते असतात, त्यामुळे तो एकेका दात्याने वरखाली होतो. १० मिमीचा बोल्ट नुसता ढिला करून लिव्हर ओढू नका. पुष्कळ गाड्यांत तो बोल्ट शाफ्टवरच्या खाचेतून आडवा जातो, म्हणून पूर्ण बाहेर काढावा लागतो. न काढता हातोडी मारणाऱ्यांनी दात्यांची वाट लावलेले शाफ्ट कुठल्याही गॅरेजात बघायला मिळतील. एक दाता पुरत नाही आणि दोन जास्त होतात, असंही होतं. मग जे घोट्याला कमी त्रास देईल ते निवडायचं.

लिव्हर आणि शाफ्ट यांना जोडणारा रॉड असलेल्या गाड्यांत काम सोपं. रॉडच्या दोन्ही टोकांना लॉकनट (रॉड आपोआप फिरू नये म्हणून आवळलेले नट) असतात, त्यांतला एक उलट्या आट्यांचा. दोन्ही सोडा, रॉड बोटांनी फिरवा, लिव्हर वरखाली होतो. लॉकनट घट्ट करण्याआधी बघा की न्यूट्रलमध्ये रॉड आणि शाफ्टवरची छोटी आर्म यांत काटकोन आहे. तो बिघडला तर वरचा गिअर नीट पडतो आणि खालचा अडखळतो, किंवा त्याच्या उलट. आणि रॉडच्या आट्या दोन्ही टोकांत किमान ५–६ फेरे आत राहिल्याच पाहिजेत.

पावसाळ्यात गमबूट घालून शेतावर जाणाऱ्यांनी लिव्हर नेहमीपेक्षा ८–१० मिमी वर ठेवावा. गमबुटाचा पंजा जाड असतो, आणि लिव्हरखाली अडकलेलं पाऊल थांबताना वेळेवर खाली येत नाही.

ब्रेक: इथे घाई नको

पाऊल फूटरेस्टवर, घोटा सरळ, अशा वेळी बुटाचा तळ पॅडलच्या माथ्यावर साधारण ५ मिमी तरंगला पाहिजे. टेकलेला नको. टेकलेला राहिला तर ब्रेक लाइट कायम लागलेला राहतो, मागून येणाऱ्याला तुम्ही खरोखर ब्रेक कधी मारला ते कळत नाही, आणि ब्रेकचे लायनर विनाकारण जळतात.

ड्रम ब्रेकचा क्रम ठरलेला आहे: आधी पॅडलची उंची, मग फ्री प्ले (ब्रेक धरण्याआधीची पॅडलची मोकळी चाल), शेवटी ब्रेक लाइटचा स्विच. उलट्या क्रमाने केलं तर तिन्ही पुन्हा करावं लागतं.

उंची पॅडलजवळच्या स्टॉपर बोल्टने ठरते. लॉकनट सोडा, बोल्ट फिरवा, उंची मिळाली की लॉकनट आवळा. काही गाड्यांना हा बोल्टच नसतो. तिथे पॅडल वाकवायचा मोह होतो. वाकवायचंच असेल तर काढून, गरम न करता आणि थोडंच. आता मागच्या चाकाजवळ ब्रेक रॉडचा नट फिरवा. पॅडलच्या टोकाशी २०–३० मिमी मोकळी चाल हवी. नटाच्या तोंडाला गोल खाच असते आणि ती आर्मच्या पिनवर नीट बसली पाहिजे. अर्ध्यावर थांबलेला नट पहिल्या जोरदार ब्रेकला खाचेत उतरतो आणि चाल अचानक वाढते. मेन स्टँडवर चाक हाताने फिरवा: मोकळं फिरलं पाहिजे, मध्येच घासता कामा नये. शेवटी स्विच. स्विचची बॉडी धरून ठेवायची आणि प्लास्टिकचा नट फिरवायचा. बॉडी फिरवली तर वायरी पिळवटतात. ब्रेक धरायच्या क्षणभर आधी दिवा लागला की झालं.

डिस्क ब्रेकमध्ये उंची मास्टर सिलिंडरच्या (ब्रेकच्या तेलावर दाब देणाऱ्या नळकांड्याच्या) पुशरॉडवर ठरते. लॉकनट सोडून रॉड फिरवला की पॅडल वरखाली होतं. इथली चूक महाग पडते. उंची जुळवण्याच्या नादात पुशरॉड पिस्टनला कायमचा दाबून ठेवेल इतका लांब झाला, तर पिस्टन पूर्ण मागे येत नाही आणि तेल टाकीत परतण्याचं बारीक भोक झाकलेलं राहतं. गाडी सुरुवातीला ठीक चालते. चार-पाच किलोमीटरवर डिस्क तापते, तेल फुगतं, ब्रेक स्वतःहून अधिकाधिक धरत जातो, आणि शेवटी मागचं चाक जाम होतं. म्हणून पॅडल हाताने हलवल्यावर पिस्टनला लागण्याआधी किंचित मोकळी चाल जाणवलीच पाहिजे. समायोजन झाल्यावर मागचा ब्रेक न वापरता तीन-चार किलोमीटर फिरा, उतरा आणि डिस्कवर पाण्याचे दोन थेंब टाका. चर्र आवाज आला तर रॉड अजून लांब आहे. हात लावून बघू नका.

सीटने काम भागतंय का

गुडघा दुमडतोय म्हणून फूटरेस्ट २५ मिमी खाली घेतला, तर मिळतं काय? मध्यम उंचीच्या माणसाची मांडी आणि पोटरी प्रत्येकी ४२–४३ सेंमी धरली आणि गुडघ्याचा कोन ८० अंश असेल, तर २५ मिमीने तो जेमतेम ८४ होतो. चार अंश. सीटचा फोम २५ मिमी वाढवला तरी तेवढेच चार अंश मिळतात.

आता जातं काय ते बघा. फूटरेस्टचं टोक जमिनीपासून २५० मिमी उंच आणि गाडीच्या मध्यरेषेपासून ३५० मिमी बाहेर आहे असं धरा. टायरची रुंदी सोडून दिली तर गाडी सुमारे ३५ अंश कलल्यावर टोक टेकेल. २५ मिमी खाली घेतलं की हा आकडा साडेबत्तीसच्या आसपास येतो. २५ मीटर त्रिज्येच्या वळणात ताशी ४० किमीला गाडी २७ अंश कलते आणि ४५ला साडेबत्तीस. म्हणजे चोर्ल्यात किंवा आंबोलीत उतरताना ४५च्या वेगाला फूटरेस्ट टेकायच्या बेतात आला. मागे माणूस आणि सामान असेल तर शॉकअप अजून २०–२५ मिमी दबतो आणि तेवढाच कोन आणखी जातो. सीट वाढवल्याने यातलं काहीच जात नाही.

सीट वाढवण्याची किंमत एकच: थांबल्यावर पाय जमिनीला कमी पुरतो. साडेपाच फुटांच्या आतल्या माणसाने ती मोजून-मापून द्यावी. उंच माणसाने मात्र आधी कुशनवाल्याकडेच जावं. फोम घट्ट घ्यायचा, मऊ नको. मऊ फोम आठवड्यात बसतो. आणि फक्त बुडाखाली उंचवटा करू नका, पुढचा उतारही भरून घ्या, नाहीतर दर ब्रेकला घसरून टाकीवर जाल. वंटमुरी किंवा तवंदी घाट उतरताना हे लगेच कळतं.

तरीही हलवायचाच असेल तर

बोल्टने बसणारे फूटरेस्ट असलेल्या गाड्यांना मधली पट्टी लावता येते. इंजिनखालच्या एकसंध बारला नवा बारच करावा लागतो, आणि तो करण्यात फारसा अर्थ नाही.

पट्टी ६ मिमी लोखंडाची किंवा १० मिमी चांगल्या ॲल्युमिनियमची. बेळगावच्या उद्यमबागेत लेथ आणि मिलिंगची कामं करणारे भरपूर आहेत, पण आधी पुठ्ठ्याचा नमुना कापून गाडीवर लावून बघा आणि मगच धातू कापायला द्या. प्रत्येक बाजूला दोन बोल्ट हवेत. एका बोल्टवरची पट्टी पाय आपटल्यावर फिरते. बोल्ट ८.८ ग्रेडचे, त्यांवर मध्यम ताकदीचं थ्रेडलॉक (आट्या धरून ठेवणारा चिकट द्रव). भोकं जेवढ्यास तेवढी, लांबट करून ठेवू नका. समायोजनासाठी केलेली लांबट भोकं हमखास सरकतात. आणि एका वेळी १० ते १५ मिमीच हलवा. एवढाही फरक पायाला स्पष्ट कळतो.

मागे सरकवल्याने अंग पुढे कलतं, हायवेच्या वाऱ्यात बरं वाटतं, पण गावातल्या ट्रॅफिकमध्ये मनगटं भरतात. पुढे सरकवल्याने पाय मोकळे होतात आणि खड्ड्यांत अंग उचलता येत नाही. आपल्याकडे एकाच दिवसात हायवे आणि आतला रस्ता दोन्ही होतो, त्यामुळे दोन्हीकडे अती करण्यात शहाणपण नाही.

पट्टी बसली की हे तपासा: किकचा पूर्ण फेरा मारून बघा, साइड स्टँड उघडून-मिटून बघा, बूट सायलेन्सरला लागतो का बघा, फूटरेस्ट पूर्ण दुमडतो का बघा. लेगगार्ड असेल तर पाय पुढे ताणून नडगी त्याला आपटते का तेही. मग गिअर आणि ब्रेकचं वर सांगितलेलं सगळं पुन्हा पहिल्यापासून.

चिखल, पाऊस आणि पायात काय आहे ते

खानापूर-कणकुंबीकडची लाल माती पावसात साबणासारखी होते. चिकोडी, रायबागकडची काळी माती चिकटते आणि बसून राहते. काळ्या मातीत दातेरी, मध्ये पोकळी असलेला फूटरेस्ट चांगला, कारण चिखल खालून पडून जातो. रबरी फूटरेस्टवर त्याचा गोळा साचतो, तो काठीने किंवा गाडीच्या किल्लीने खरवडणं एवढंच हातात राहतं. पण दातेरी लोखंडी फूटरेस्ट नडगीला लागला तर चांगलंच सोलून काढतो, थरथर थेट पायात पोचवतो आणि बुटाचा तळ खातो.

निपाणी-अथणीकडच्या चामडी चपला घालून गाडी चालवणारे पुष्कळ. कोरड्यात प्रश्न नाही. ओल्या रबरावर चामड्याचा गुळगुळीत तळ म्हणजे शेवाळावर पाय, आणि दातेरी फूटरेस्टवर ती चप्पल महिनाभरात कापली जाते. पावसाच्या चार महिन्यांत तरी रबरी तळाचा बंद बूट घाला, फूटरेस्ट कसाही असो.

पाय कसा ठेवायचा हेही त्यातच आलं. ट्रॅफिकमध्ये तळव्याचा मध्य फूटरेस्टवर, चवडे लिव्हर आणि पॅडलजवळ. घाटाच्या वळणात चवडा फूटरेस्टवर घ्या आणि बोटं आत. बोटं बाहेर आणि खाली लोंबती ठेवली तर फूटरेस्टच्या आधी बूट टेकतो. गुडघे टाकीला लावून ठेवा. पायांनी गाडी धरली की हात सैल राहतात, आणि सैल हातांनीच हँडल नीट फिरतं. फूटरेस्टवर दाब देऊन गाडी वळते असं सांगणारे भेटतील. वळवतं हँडलच, फूटरेस्ट अंगाला टेकू देतात.

खराब वाटेवर उभं राहून चालवायचं असेल तर रुंद फूटरेस्ट हवा, ५० मिमीच्या आसपास, म्हणजे तळवा दुखत नाही. उभं राहिल्यावर ब्रेक पॅडल खाली गेल्यासारखं वाटतं. बसून आणि उभं राहून दोन्हीकडे नेमकं जुळत नाही. तुम्ही ज्यात जास्त वेळ असता त्याला जुळवा.

मागचा माणूस, साडीगार्ड आणि दुधाचे कॅन

मागचे फूटरेस्ट काढून टाकू नका. केंद्रीय मोटार वाहन नियम १९८९च्या नियम १२३ प्रमाणे मागे बसणाऱ्यासाठी फूटरेस्ट, धरायची दांडी आणि मागच्या चाकाला आडोसा असावा लागतो. एका बाजूला बसणाऱ्या बाईचं सगळं वजन डावीकडच्या साडीगार्डच्या पायपट्टीवर येतं. ती पट्टी बहुधा पातळ पत्र्याची आणि दोन छोट्या बोल्टांवर असते. दर महिन्याला हाताने हलवून बघा. बाई एका बाजूला बसली की चालवणारा नकळत उजवीकडे कलतो आणि उजव्या फूटरेस्टवर जास्त भार देतो. तो बार कालांतराने एका बाजूने दबलेला सापडतो तो यामुळेच.

दूध घालणाऱ्यांच्या गाडीवर ४० लिटरचे दोन कॅन दोन्ही बाजूंना लटकतात. नुसतं दूधच एका कॅनमध्ये ४१ किलोंच्या वर भरतं. चौकट पुढे आली असेल तर टाच तिला लागते, पाऊल पुढे सरकून ब्रेक पॅडलवर टेकतं, आणि मागचे लायनर सारखे संपतात. अशा वेळी लोक लायनरच्या कंपनीला दोष देतात. चौकट दोन बोटं मागे घेतली की प्रश्न मिटतो.

लेगगार्डवर लावायचे जादा फूटरेस्ट हायवेसाठी विकले जातात. ताशी ७२ किमीला गाडी सेकंदाला २० मीटर जाते. तिथून पाय उचलून ब्रेकवर यायला एक सेकंद लागला तर २० मीटर गेलेच. ऊसतोडीच्या हंगामात, दिवा नसलेल्या ट्रॉल्यांच्या मागे, ते लावू नयेत हे बरं.

चालवून बघणं

एका वेळी एकच बदल करा आणि एकच रस्ता धरा. बेळगावहून पिरनवाडी, मच्छेमार्गे खानापूर आणि परत, साधारण ५० किमी, चाचणीला चांगला: गावातली गर्दी, सरळ पट्टा, गतिरोधक सगळं मिळतं. पहिल्या दहा किलोमीटरमध्ये मत बनवू नका. जुन्या जागेची सवय असल्याने नवी जागा चुकीचीच वाटते. परतीला, शेवटच्या पंधरा किलोमीटरमध्ये, पाय कुठे ठेवावा हा विचार मनात आला की नाही एवढं लक्षात ठेवा.

निघण्याआधी प्रत्येक बोल्टाच्या डोक्यावरून ब्रॅकेटपर्यंत नेलपॉलिशची एक रेघ मारा. परत आल्यावर रेघ तुटलेली दिसली तर बोल्ट फिरला आहे. १०० किमीनंतर सगळे एकदा पुन्हा आवळा, आणि पहिल्या जोरदार पावसानंतर आणखी एकदा.